बटाटा डेअरीत मिळतो, पण दुधाचा नव्हे

आजचा प्रश्न ऐकायला गमतीचा वाटेल, पण विचारणाऱ्या आईला त्यात गंमत नसते. डॉक्टरांनी मुलाचे दुधाचे पदार्थ बंद केले, मग बटाटाही त्यातच धरायचा का?

नाही. बटाटा म्हणजे जमिनीखाली फुगलेलं झाडाचं खोड. त्यात दुधातली साखर नाही, दुधातली प्रथिनंही नाहीत. उकडून मीठ लावलेला बटाटा त्या मुलाला खुशाल द्या.

घोळ होतो तो शेजारामुळे, असं आम्हाला वाटतं. उपवासाच्या ताटात दूध, दही आणि बटाटा एकाच पंक्तीला बसतात. गावातल्या डेअरीतही श्रीखंडाच्या बाजूला बटाट्याचे वेफर्स टांगलेले असतात.

खरी काळजी घ्यायची ती बटाट्यात काय मिसळलंय याची. दह्यातली कोशिंबीर, तुपातली उपवासाची भाजी, लोणी लावलेला आलू पराठा यांत दूध आलंच. साधे खारे वेफर्स ठीक, पण मसालेदार वेफर्सच्या मसाल्यात दुधाची भुकटी असू शकते. पाकिटावर ॲलर्जीची सूचना छापणं आपल्याकडे बंधनकारक आहे; तिथे 'मिल्क' आहे का बघा. 'व्हे' आणि 'केसिन' हीसुद्धा दुधाचीच नावं.

मुलाला नेमकं काय होतंय, हे डॉक्टरांना नीट विचारून घ्या. दुधातली साखर पचत नसेल तर पोट फुगतं, जुलाब होतात; अशांना थोडं दही-ताक बरेचदा सोसतं. ॲलर्जी असेल तर मात्र चमचाभर दहीही नको, आणि तूपसुद्धा विचारल्याशिवाय नको. ओठ सुजले, श्वास लागला तर थांबू नका, लगेच दवाखाना गाठा.

आता दुसरी बाजू. दूध बंद झालं की पुष्कळ घरांत बटाटा वाढतो. मुलं आवडीने खातात, पोटही भरतं. पण 100 ग्रॅम दुधात सुमारे 120 मिलिग्रॅम कॅल्शियम असतं, तर तेवढ्याच बटाट्यात जेमतेम 10. प्रथिनंही दुधापेक्षा कमी, आणि बी-12 तर अजिबात नाही. बटाट्याकडे 'क' जीवनसत्त्व आहे, जे दुधात नावापुरतंच. म्हणून ज्यांना दूध चालतं त्यांच्या ताटात ही जोडी छान जमते. पण एकाच्या जागी दुसरा चालत नाही.

दुधाची उणीव भरायला नाचणी घ्या. 100 ग्रॅम पिठात 300 मिलिग्रॅमहून जास्त कॅल्शियम मिळतं. तिळात त्याहून कितीतरी अधिक. काट्यांसकट खाता येणारी बारीक मासळीही चांगली. बी-12 साठी अंडी, मासे. शाकाहारी घरांनी त्याबद्दल डॉक्टरांशी बोलावं. नाचणीला नाक मुरडणारी मुलं असतातच. त्यांच्यासाठी उकडलेल्या बटाट्याच्या फोडींवर तिळाची चटणी भुरभुरून बघा.