ट्रेमधली मुशी

संगमनेरला प्राणिशास्त्र शिकवताना माझी तीस वर्षे मुशीच्या सहवासात गेली. मुशी म्हणजे शार्क. अहिल्यानगर जिल्ह्याला समुद्र नाही. इथले पावसाचे पाणीसुद्धा प्रवरा, गोदावरी, भीमा यांच्या वाटेने बंगालच्या उपसागराकडे जाते. तरी बी.एस्सी.ला प्राणिशास्त्र घेतलेल्या प्रत्येकाची शार्कशी गाठ पडायची, ती स्कोलिओडॉन या हातभर लांबीच्या मुशीच्या रूपाने. फॉर्मॅलिनच्या डब्यातून ती यायची. मेणाच्या ट्रेमध्ये टाचून आम्ही तिच्या मेंदूच्या नसा मोकळ्या करायचो, मुस्कटाच्या कातडीखालून जेलीने भरलेल्या बारीक नळ्या काढून त्यांची स्लाइड बनवायचो. याच लॉरेन्झिनीच्या कुप्या. २०१४ मध्ये विद्यापीठ अनुदान आयोगाने विच्छेदन बंद केले आणि त्या वासातून आमची सुटका झाली.

या कुप्या कशासाठी? माझ्या जुन्या पाठ्यपुस्तकात 'तापमान ओळखण्यासाठी' असे छापले होते आणि मी कितीतरी वर्षे तेच फळ्यावर लिहिले. खरे उत्तर १९७१ मध्येच प्रसिद्ध झाले होते. काल्माइन या डच शास्त्रज्ञाने टाकीतल्या वाळूत एक चपटा मासा लपवला आणि त्यावर अगारचे झाकण ठेवले. मासा दिसत नव्हता, तरी मुशीने नेमकी तीच जागा गाठली. मग झाकणावर पातळ प्लास्टिक अंथरले, तेव्हा ती वरून निघून गेली. प्लास्टिकमधून वीज जात नाही. माशाच्या शरीरातून पाझरणारी क्षीण वीज तिला कळत होती. पुढे माशाऐवजी नुसते इलेक्ट्रोड पुरले, तरी तिने त्यांच्यावर तोंड टाकले. हे माझ्या वाचनात आले तेव्हा माझ्या हाताखालून कितीतरी तुकड्या पास होऊन गेल्या होत्या.

निवृत्तीनंतर मुलीच्या हट्टाने मालवणला गेलो. विहिरीत पाठीला डबा बांधून पोहायला शिकलेला मी, साठीनंतर पाठीला हवेचा सिलिंडर बांधत होतो. बोटीवरच्या पोराने दोनच गोष्टी बजावल्या : "काका, श्वास रोखायचा नाही. कान दुखले की नाक चिमटीत धरून हळू फुंकायचे." दर १० मीटरला दाब एका वातावरणाइतका वाढतो, वर येताना हवा प्रसरण पावते आणि श्वास रोखलेल्याची फुप्फुसे फाटू शकतात. सहा-सात मीटरवर मनगटावरचा लाल दोरा काळपट दिसू लागला. पाणी लाल रंग आधी गिळते. पट्ट्यापट्ट्यांचे मासे काचेशी येत होते, खडकावर समुद्रकाकडी पडली होती. शार्कची मला आशा नव्हती. मालवणात लहान शार्कला मोरी म्हणतात आणि ती बहुतेकांना ताटातच भेटते.

एवढ्यात त्या पोराने तळहात डोक्यावर उभा धरला. मला वाटले, शेंडी दाखवतोय. ती शार्कची खूण होती. कपारीत वाळूवर हातभर लांबीची बांबू शार्क विसावली होती. काही शार्कना कल्ल्यांतून पाणी वाहते राहावे म्हणून सतत पोहावे लागते. ही तळाशी पडून तोंडाने पाणी ओढू शकते. तिच्या पाच फटी उघडत होत्या, मिटत होत्या. तीस वर्षे सुईच्या टोकाने विद्यार्थ्यांना मोजून दाखवलेल्या फटी मी प्रथमच हलताना पाहत होतो.

बांबू शार्क अंडी घालते. कवचातल्या पिल्लाला भक्षकासारखी वीज जाणवली की ते कल्ल्यांची हालचाल थांबवून निपचित राहते, असे २०१३ मध्ये ऑस्ट्रेलियातल्या संशोधकांनी दाखवले. ते आठवले आणि पुढे नेलेला हात मी मागे घेतला.

परतल्यावर जुन्या विद्यार्थ्यांच्या व्हॉट्सॲप गटावर कुप्यांची दुरुस्ती कळवली. त्यातले बरेच जण आता स्वतःच शिक्षक आहेत. एकीने लगेच विचारले, "सर, मग तेव्हाचे मार्क वाढवून मिळतील का?"