एक कप प्यायला, दहा कप कॅमेऱ्याला

माळा आवरताना किंवा जुनी ट्रंक उघडताना कधी कधी चामड्याच्या पिशवीतला एखादा कॅमेरा हाती लागतो. त्यावर 'अॅग्फा क्लिक थ्री' असे लिहिले असेल, तर तो आजोबांच्या उमेदीच्या काळातला समजावा. बडोद्याच्या न्यू इंडिया इंडस्ट्रीज या कंपनीत हे कॅमेरे तयार होत. आत बॅटरी नाही, पडदा नाही. पुढे एक भिंग, त्यामागे क्षणभर उघडणारी झडप आणि पाठीमागे फिल्म, एवढाच संसार. ऊन आहे की ढग आहेत हे पाहून एक खटका सरकवायचा आणि कळ दाबायची. एका रोलमध्ये १२ फोटो निघत.

असा कॅमेरा आजही चालू शकतो, कारण त्यात बिघडण्यासारखे फारसे काही नसतेच. रोलही मोठ्या शहरातून मागवता येतो. अडचण येते ती पुढे. रोल धुवायचा कुठे? पूर्वी तालुक्याच्या गावीही स्टुडिओच्या मागच्या बाजूला एक अंधारी खोली असे. डिजिटल कॅमेरा आला आणि त्या खोल्यांत झेरॉक्सची यंत्रे बसली. उटीला १९६० साली स्थापन झालेली हिंदुस्थान फोटो फिल्म्स ही सरकारी कंपनी 'इंदू' नावाची फिल्म काढत असे. तीही बंद पडली. म्हणजे फोटो काढता येतो, पण तो फिल्मच्या पोटातच राहतो. त्याला बाहेर काढायला जे रसायन लागते त्याचे काम तुमच्या स्वयंपाकघरातली कॉफी करू शकते, हे सांगितले तर पुष्कळांना थट्टा वाटते. पण आधी प्रकाशाचा हिशेब पाहू.

त्यासाठी आमच्या वर्धा जिल्ह्यासारखे दुसरे उदाहरण नाही. गांधीजींचे चुलत नातू कनू गांधी हे सेवाग्राम आश्रमात राहत. त्यांना फोटो काढायची इच्छा होती. गांधीजींनी परवानगी दिली ती तीन अटींवर: फ्लॅश वापरायचा नाही, मला बसा-उठा सांगायचे नाही, आणि आश्रमाच्या पैशातून खर्च करायचा नाही. शेवटी घनश्यामदास बिर्ला यांनी १०० रुपये दिले आणि त्यातून रोलायफ्लेक्स कॅमेरा आला. १९३८ पासून १९४८ पर्यंत कनू गांधींनी त्या अटी पाळून गांधीजींची छायाचित्रे घेतली.

पैशाची अट सुटली, पण पहिल्या दोन अटी म्हणजे पदार्थविज्ञानाचा कठीण पेपरच. तो आपण सोडवून पाहू. लख्ख उन्हात सुमारे १,००,००० लक्स प्रकाश असतो. मातीच्या भिंतींच्या, छोट्या खिडक्यांच्या कुटीत खिडकीजवळ २०० लक्स धरू. म्हणजे प्रकाश ५०० पटींनी कमी. आता १०० वेगाची फिल्म घेतली, तर उन्हात भिंगाचे छिद्र एफ १६ ठेवून झडप १/१०० सेकंद उघडावी लागते. त्या काळच्या पुष्कळशा रोलायफ्लेक्सचे छिद्र एफ ३.५ पर्यंत उघडे. १६ भागिले ३.५ याचा वर्ग सुमारे २१, म्हणजे छिद्र पूर्ण उघडून २१ पट प्रकाश मिळाला. उरलेली तूट ५०० भागिले २१, म्हणजे जवळजवळ २४ पट. ती वेळ वाढवूनच भरायची. १/१०० सेकंदाचे २४ पट म्हणजे साधारण पाव सेकंद!

पाव सेकंदात चालता माणूस वीतभर पुढे जातो, सूत कातणारा हात तर कितीतरी. कॅमेरा हलता कामा नये आणि समोरच्याला 'स्थिर बसा' म्हणायचीही सोय नाही. त्या काळच्या अनेक फिल्म १०० पेक्षाही मंद होत्या. अशा परिस्थितीत चांगला फोटो मिळवायचा, तर माणूस बोलता बोलता कधी थबकतो आणि खिडकी कोणत्या बाजूला आहे, हे डोळ्यांत तेल घालून पाहावे लागते. (गांधीजींना स्वतःला चहा-कॉफी पसंत नव्हती. तेव्हा सेवाग्रामच्या फोटोंचा आणि कॉफीचा संबंध मी जोडत नाही.)

आता फिल्मवर काय घडते ते पाहा. फिल्मवर जिलेटिनच्या थरात सिल्व्हर ब्रोमाइडचे अतिसूक्ष्म स्फटिक पसरलेले असतात. स्फटिकावर प्रकाश पडला की आत एक इलेक्ट्रॉन सुटा होतो, तो चांदीच्या धन आयनाला मिळतो आणि धातुरूप चांदीचा एक अणू तयार होतो. असे चारेक अणू एका ठिकाणी जमले की त्या स्फटिकावर 'खूण' झाली. त्या स्फटिकात चांदीचे अब्जावधी आयन असतात, आणि प्रकाशाने बदललेले केवळ चार! कोणत्याही सूक्ष्मदर्शकातून पाहिले तरी या अवस्थेतल्या फिल्मवर चित्र दिसणार नाही. तरी चित्र तिथे असते. त्याला सुप्त प्रतिमा म्हणतात.

तिला जागे करायला इलेक्ट्रॉन देणारा पदार्थ, म्हणजे क्षपणक लागतो. त्याने दिलेले इलेक्ट्रॉन त्या चार अणूंच्या वाटेने आत शिरतात आणि सगळा स्फटिक काळ्या चांदीचा होतो. ज्यावर खूण नाही तो स्फटिकही अखेर काळा पडतो, पण फार सावकाश. या दोन वेगांतला फरक म्हणजेच छायाचित्र. म्हणून द्रावणात फिल्म किती मिनिटे ठेवायची याला एवढे महत्त्व. स्टुडिओवाले या कामाला मेटॉल आणि हायड्रोक्विनोन वापरत.

हायड्रोक्विनोनच्या रेणूत बेंझिनच्या कड्यावर दोन हायड्रॉक्सिल गट असतात. कॉफीत कॅफेइक आम्ल नावाचा पदार्थ असतो, बराचसा क्लोरोजेनिक आम्लाच्या रूपात. त्याच्याही कड्यावर असेच दोन गट शेजारीशेजारी बसलेले आहेत. हे साम्य हेरून अमेरिकेतल्या रॉचेस्टर इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजीत स्कॉट विल्यम्स या अध्यापकांनी आपल्या विद्यार्थ्यांबरोबर १९९५ साली कॉफीत फिल्म धुऊन दाखवली. हे रॉचेस्टर म्हणजे कोडॅक कंपनीचे गाव! झोप उडवणारे कॅफीन मात्र यात काहीच करत नाही. नावातल्या सारखेपणाने फसू नका. आणखी एक गंमत अशी, की उंची अरेबिकापेक्षा स्वस्त रोबस्टा कॉफीत क्लोरोजेनिक आम्ल जास्त असते. तेव्हा चांगली कॉफी पिण्यासाठी ठेवावी आणि हलकी फिल्मला द्यावी. आमच्या विदर्भातही चिखलदऱ्याला कॉफी पिकते, हे ठाऊक नसलेले विद्यार्थी मला दरवर्षी भेटतात.

नुसती कॉफी मात्र चालत नाही. इलेक्ट्रॉन सहज सुटण्यासाठी द्रावण आम्लारीधर्मी हवे, म्हणून धुण्याचा सोडा. आणि जोडीला 'क' जीवनसत्त्व, म्हणजे अॅस्कॉर्बिक आम्ल. तेही क्षपणकच आहे आणि दोघे मिळून एकेकट्यापेक्षा कितीतरी जोमाने काम करतात. अर्ध्या लिटर पाण्यात निर्जल सोडा २७ ग्रॅम, अॅस्कॉर्बिक आम्ल ८ ग्रॅम आणि चिकोरी नसलेली इन्स्टंट कॉफी २० ग्रॅम, याच क्रमाने विरघळवावे. एका कपाला २ ग्रॅम धरली तर ही दहा कपांची कॉफी झाली. सोडा स्फटिकरूप असेल तर त्यात पाण्याचे दहा रेणू असतात; २७ ऐवजी ७३ ग्रॅम घ्यावा लागेल. का, ते रेणुभारावरून ताडून पाहा.

आष्टीकडचे विद्यार्थी इथे हटकून विचारतात, "सर, 'क' जीवनसत्त्वासाठी आपली संत्री का नको?" हिशेब करू. १०० मिलिलिटर रसात ५० मिलिग्रॅम धरले, तर ८ ग्रॅमसाठी १६ लिटर रस लागेल, आणि त्यातले सायट्रिक आम्ल आपला सोडा खाऊन टाकील ते वेगळेच. संत्री खावीत हे उत्तम. आवळ्याचा हिशेब तुम्ही करा.

शाळेत पहिला प्रयोग भर उजेडात करता येतो. ३५ मिलिमीटर फिल्मच्या रोलची बाहेर आलेली जीभ कापून घ्या. तिचे अर्धे टोक आपल्या कॉफीत बुडवून धरा. काही मिनिटांत तेवढा भाग काळाभोर होतो. मग पाण्याने धुऊन पूर्ण तुकडा हायपोच्या, म्हणजे सोडियम थायोसल्फेटच्या द्रावणात टाका. हायपो न बदललेला सिल्व्हर ब्रोमाइड विरघळवून नेतो. जॉन हर्शेल यांनी त्याचा हा गुण १८१९ सालीच नोंदवला होता. अर्धा तुकडा काळा, अर्धा काचेसारखा पारदर्शक! सगळी फोटोग्राफी त्या बोटभर तुकड्यात आहे.

पूर्ण रोलसाठी प्रकाश न शिरणारी डेव्हलपिंग टाकी हवी. रोल तिच्यात भरायचा तो मिट्ट काळोखात. रात्री, दारे लावून, रजईखाली हात घालून जमते. २० अंश सेल्सिअसला १५ मिनिटे, दर मिनिटाला टाकी हलवत राहायचे. मग पाणी, मग हायपो, मग पुन्हा भरपूर पाणी. आम्ही हे डिसेंबर-जानेवारीतच करतो. आमच्या उन्हाळ्यात नळाचे पाणीच इतके तापते की वेळेचा अंदाज राहत नाही आणि जिलेटिन मऊ पडते. द्रावण तासाभरात वापरून टाकावे, कारण हवेतला ऑक्सिजनही इलेक्ट्रॉनांचा भुकेला असतो. त्याचा वास मात्र असा येतो, की ही कॉफी चुकून पिण्याची भीती नको! तरी भांडी वेगळी ठेवावीत, हातमोजे घालावेत आणि प्यायचा कप प्रयोगशाळेच्या बाहेर. वापरलेल्या हायपोत चांदी असते. तो विहिरीजवळ वा शेतात ओतू नये, शिक्षकांकडे द्यावा.

घरात फिल्म धुणे आपल्याकडे नवे नाही. दादासाहेब फाळके १९१२ साली लंडनहून कॅमेरा घेऊन आले, तेव्हा फिल्मला भोके पाडण्याचे आणि ती धुण्याचे काम सरस्वतीबाई घरीच शिकल्या.

वाळलेली निगेटिव्ह पांढऱ्या उजेडावर धरून मोबाइलने तिचा फोटो घ्या आणि रंग उलटे करा. झाले चित्र.

आजोबांच्या कॅमेऱ्यात एखादा रोल काढून तसाच राहिलेला असेल, तर मात्र जपून. त्यातल्या सुप्त प्रतिमेचे चार अणू वर्षानुवर्षांच्या उष्णतेने विस्कटत असतात, आणि आमच्याकडच्या माळ्यावर मे महिन्यात काय तापमान असते ते सांगायला नको. मागचे झाकण 'आत काय आहे' म्हणून उघडू नका. उजेडाने उरलेलेही जाईल. फिल्म गुंडाळून पूर्ण आत घ्या, काळ्या कागदात बांधून थंड जागी ठेवा. आधी नवा रोल आणून त्यावर दोनदा हात बसवा. जुना रोल रंगीत असला तरी कॉफीत त्याची कृष्णधवल निगेटिव्ह मिळते. त्यात कोण निघेल ते आजीला विचारून ठेवा.