अंगावर किडा चढला की...

आमचे गाव चाकणजवळ आहे. वडील कंपनीत जातात. शेतात आजी आणि मी कांदा खुरपतो. चाकणचा कांद्याचा बाजार सर्वांना माहीत आहे. पण कांद्याची पात कधी जवळून पाहिली का? तिच्या बेचक्यात फुलकिडे असतात. पिवळसर, जेमतेम १ मिलिमीटर लांब.

मागच्या हिवाळ्यात ते माझ्या हातावर दिसले आणि मी किंचाळत बांधावर पळाले. रात्रभर अंगावर काहीतरी चालतंय असंच वाटत होतं. रक्त येईपर्यंत हात खाजवला. मग मी शेतात जाणेच सोडले. आजी दुखऱ्या गुडघ्यांनी एकटीच खुरपायची.

किड्याची किळस सर्वांनाच येते. पण किडा नसतानाही झोप उडाली, काम सुटले, तर त्या भीतीला भयगंड म्हणतात. तो काही मुद्दाम केलेला भित्रेपणा नव्हे. घाबरलो की छाती धडधडते, घाम येतो, सारे लक्ष कातडीकडे जाते. मग नुसता केस हलला तरी किडाच वाटतो.

आमच्या बाईंनी मला घाई केली नाही. आधी फुलकिड्याचे चित्र दाखवले. मग बंद बाटलीतली पात. मग भिंगातून पाहायला दिले. धडधड थांबली की पुढची पायरी. भिंगातून त्याच्या पंखांना झालर दिसली! तो पान खरवडून रस पितो, म्हणून पातीवर पांढरे ठिपके पडतात. त्याला कांदा हवा, मी नाही!

पण सगळेच किडे असे नसतात. १८९७ साली पुण्यात प्लेग होता. रुग्णांची सेवा करताना सावित्रीबाई फुले यांनाही तो झाला आणि १० मार्च रोजी त्या वारल्या. उंदरावरची पिसू प्लेग पसरवते, हे पॉल-लुई सिमों या डॉक्टरांनी १८९८ साली कराचीत शोधून काढले. तोवर लोकांना कशापासून जपायचे तेच ठाऊक नव्हते.

म्हणून किडा कोणता ते आधी ओळखावे. गोचीड चिकटली तर लगेच मोठ्यांना सांगावे. उवा झाल्या तर बारीक फणीने केस विंचरावेत. आणि पालकहो, घाबरलेल्या मुलाला हसू नका. भीती जातच नसेल तर डॉक्टरांना दाखवा.

यंदा मी आजीबरोबर पुन्हा खुरपायला जाते. अजून अंगावर काटा येतो, पण मी पळत नाही. फुंकर मारते आणि पुढच्या वाफ्यात जाते.

— एक विद्यार्थिनी, इयत्ता ४ थी