जहाजावर चढायचं, पण कोणत्या हक्कानं?

बालमित्रांनो, आपला वाशिम जिल्हा समुद्रापासून किती दूर! तुमच्यापैकी पुष्कळांनी समुद्र फक्त चित्रातच पाहिला असेल. पण शेतात बाबा खत टाकतात ना, त्यातलं पोटॅश परदेशातून जहाजानं येतं. एसटीच्या डिझेलसाठी लागणारं बरंचसं कच्चं तेलही जहाजानंच येतं. म्हणजे भर समुद्रात जहाजं लुटली जाऊ लागली, तर त्याची झळ आपल्या गावापर्यंत पोचणार, हो की नाही? जहाजं पळवणाऱ्या या लुटारूंना समुद्री चाचे म्हणतात. त्यांच्याशी दोन हात करणारे आपल्या नौदलाचे कमांडो म्हणजे 'मार्कोस'. हे दल १९८७ साली उभं राहिलं.

त्यांची एक कामगिरी ऐका. 'रुएन' हे माल्टा देशाचा झेंडा लावलेलं मालवाहू जहाज डिसेंबर २०२३ मध्ये सोमाली चाच्यांनी पळवलं. तीन महिन्यांनी, मार्च २०२४ मध्ये, 'आयएनएस कोलकाता' या आपल्या युद्धनौकेनं त्याला गाठलं. कुठे? भारताच्या किनाऱ्यापासून सुमारे २६०० किलोमीटरवर! चाच्यांनी आपलं ड्रोन गोळ्या झाडून पाडलं, युद्धनौकेवरही गोळीबार केला. जहाज बुडवणं नौदलाला अवघड नव्हतं. पण आत १७ खलाशी ओलीस होते. म्हणून नेमका मारा करून जहाजाची दिशा वळवणारी यंत्रणाच निकामी केली. जहाज थांबलं. मग हवाई दलाच्या विमानातून मार्कोस कमांडो रबरी होड्यांसह पॅराशूटनं समुद्रात उतरले. सुमारे ४० तासांनी ३५ चाचे शरण आले आणि सर्व खलाशी सुखरूप सुटले.

अशा जहाजावर चढतात तरी कसे? कधी छोट्या वेगवान होडीतून जहाजाला भिडून शिडीनं वर जायचं, तर कधी हेलिकॉप्टरमधून दोरावरून खाली उतरायचं. वर गेल्यावर जहाज चालवण्याची खोली आणि इंजिनाची खोली आधी ताब्यात घ्यायची. मग एकेक खोली तपासायची. जानेवारी २०२४ मध्ये 'लीला नॉरफोक' जहाजावरचे २१ खलाशी एका भक्कम खोलीत दार लावून बसले होते. त्यांत १५ भारतीय होते. मार्कोसनी सगळं जहाज धुंडाळलं, तर चाचे आधीच पळालेले!

आता खरा प्रश्न. आपल्या घरात कुणी न विचारता शिरलं तर चालेल का? जहाजाचंही तसंच आहे. भर समुद्रात जहाजावर ज्या देशाचा झेंडा, त्याच देशाचा कायदा चालतो. दुसऱ्या देशाच्या नौदलाला मनाला येईल तेव्हा त्यावर चढता येत नाही. मात्र १९८२ च्या संयुक्त राष्ट्रांच्या सागरी कायदा करारात काही अपवाद सांगितले आहेत. चाचेगिरीचा किंवा गुलामांच्या व्यापाराचा सबळ संशय असेल, किंवा जहाज कुठल्याच देशाचं नसेल, तर युद्धनौका तपासणी करू शकते. आणि जहाज निर्दोष निघालं, त्यानं संशय येण्यासारखं काही केलेलंही नसलं, तर? नुकसानभरपाई द्यावी लागते! हा नियम नसता, तर बलवान नौदल आणि चाचे यांत फरक तो काय उरला असता?

बरं, पकडलं म्हणजे काम संपलं का? १९९९ साली जपानी मालकीचं 'अलोंड्रा रेनबो' जहाज चाच्यांनी पळवलं. खलाशांना तराफ्यावर सोडून दिलं आणि जहाजाचं नावच बदललं! तटरक्षक दलाच्या 'ताराबाई' या नौकेनं आणि नौदलाच्या 'आयएनएस प्रहार'नं पाठलाग करून ते अरबी समुद्रात पकडलं. १५ जणांवर मुंबईत खटला चालला. २००३ साली त्यांना सात वर्षांची शिक्षा झाली. पण २००५ साली मुंबई उच्च न्यायालयात ते सुटले. त्या काळी आपल्याकडे चाचेगिरीसाठी वेगळा कायदाच नव्हता. एवढी शर्थ करून पकडलेले आरोपी सुटले, तेव्हा पाठलाग करणाऱ्यांना काय वाटलं असेल?

पुढे भारतानं सागरी चाचेगिरीविरोधी कायदा, २०२२ केला. तो २०२३ साली लागू झाला. त्यात जन्मठेपेपर्यंत, आणि चाच्यांमुळे कुणाचा जीव गेला तर फाशीपर्यंतही शिक्षा आहे. म्हणूनच 'रुएन'वरच्या ३५ जणांना मुंबईत आणून थेट पोलिसांच्या हवाली करता आलं.

तेव्हा मुलांनो, कमांडोच्या हातातली बंदूक सर्वांना दिसते, पण त्याच्या पाठीशी उभा असलेला कायदा दिसत नाही. जहाजावर चढायचा हक्क त्याला कायदाच देतो. पकडायचं काम कमांडोंचं, पुरावे गोळा करायचं पोलिसांचं आणि दोषी ठरवायचं न्यायालयाचं. यातला एक दुवा जरी कच्चा राहिला, तरी सगळी मेहनत वाया जाते. आज घरी नकाशा उघडा. सोमालिया शोधा, मुंबई शोधा आणि मधला समुद्र बोटानं मोजून आईबाबांना दाखवा. आपलं पोटॅश आणि तेल घेऊन येणारी कितीतरी जहाजं याच समुद्रातून ये-जा करत असतात, बरं का!