कार्डाला घाम येत नाही!

लोणावळ्यात आषाढ लागला की मैदानात पाय ठेवायची सोय राहत नाही. मग क्रिकेट चालते ते पुस्तकातले. पान उघडावे, पानाच्या आकड्यातला शेवटचा अंक म्हणजे धावा. शून्य आले की गडी बाद. यात गोलंदाजाला कामच नाही, म्हणून आम्ही त्यालाही कागदावर आणले. प्रत्येकाच्या नावाचे कार्ड, आणि दोन फाशांच्या कोणत्या बेरजेला काय घडते याची त्यावर यादी. पहिल्याच सामन्यात भांडण जुंपले.

निमित्त स्टीव्ह ओकीफचे. आपल्या मावळातल्याच गहुंजे येथे फेब्रुवारी २०१७ च्या कसोटीत त्याने दोन्ही डावांत ३५ धावांत ६ बळी घेतले होते. ते आकडे कार्डावर उतरवल्यावर दुसरे काय होणार? ज्याच्याकडे ओकीफ, त्याने त्याला एका टोकाकडून हलवलेच नाही.

बेसबॉलच्या घरगुती खेळांत हाच पेच आहे. १९६१ पासून चालत आलेला ‘स्ट्रॅट-ओ-मॅटिक’ हा त्यांतला प्रसिद्ध खेळ. बेसबॉलमध्ये पहिला पिचर थकला की बदली येतो. हा गडी एखाददुसरी इनिंगच सारी ताकद लावून फेकतो, म्हणून त्याची सरासरी देखणी दिसते. त्या सरासरीवर त्याच्याकडून नऊही इनिंग करून घेणे ही लबाडीच! म्हणून पिचरच्या कार्डावर दमाचा आकडा असतो. बदलीचा अर्थातच लहान. तो आकडा गाठल्यावर फटके बसू लागले की गडी थकला असे धरतात, आणि त्याच्या कार्डावरचे काही ‘बाद’ फटक्यांत बदलतात.

आम्ही आधी एकदिवसीय सामन्यासारखी दहा षटकांची मर्यादा घातली. भांडण मिटले, पण कप्तानाला डोके चालवायला जागाच उरली नाही. शिवाय थकलेला गोलंदाज थांबत नाही, तो वाईट टाकतो. १९५७ साली एजबॅस्टनला रामाधीनने पहिल्या डावात ४९ धावांत ७ बळी घेतले. दुसऱ्या डावात ९८ षटके टाकून मिळाले दोन. (मे आणि काउड्री यांनी पॅड पुढे करून त्याला छळले, हेही खरे.)

शेवटी ठरले ते असे : सलग बारा षटकांनंतर कार्डावरचा एक ‘बाद’ खोडून तिथे एक धाव, पुढच्या प्रत्येक सहा षटकांना आणखी एक. तासभर विश्रांती दिली की कार्ड पूर्ववत.

ओकीफवाल्याने तरीही त्याला काढले नाही. एकविसाव्या षटकात सामना गेला.