शब्द दिला आणि संघ बदलला

ऑक्टोबर 2018. बॉस्टन सेल्टिक्सचा बास्केटबॉलपटू कायरी अर्विंग भर कार्यक्रमात चाहत्यांना म्हणाला, तुम्हाला मी हवा असेन तर पुढेही इथेच खेळायचा विचार आहे. टाळ्यांचा कडकडाट झाला. 2019 च्या उन्हाळ्यात तो ब्रुकलिन नेट्सकडे गेला.

करार संपला होता, त्यामुळे कायद्याने काहीच चुकले नव्हते. पण वादा तो वादा. बॉस्टनकरांचा राग मला तरी समजतो.

मात्र रागालाही हद्द असते. 30 मे 2021 ला तिथे सामना जिंकून तो आत जात असताना प्रेक्षकांतून पाण्याची बाटली आली आणि डोक्याजवळून गेली. 21 वर्षांच्या एका तरुणाला पोलिसांनी पकडले. त्याआधी कायरीने सेल्टिक्सच्या बोधचिन्हावर बूट घासला होता, हेही सांगायला हवे.

त्याच वर्षी रमजानमध्ये त्याने आपण मुसलमान असल्याचे जाहीरपणे सांगितले होते. पुढच्या रमजानमध्ये, 17 एप्रिल 2022 ला, पुन्हा बॉस्टन. सामनाभर हुर्यो चालली. रोजे चालू असताना त्याने 39 गुण काढले, आणि प्रेक्षकांना बोटाने अश्लील खूणही केली. दंड झाला 50,000 डॉलर. घरातल्या मुलांनी मला 39 गुण कौतुकाने सांगितले. बोटाचे सांगितले नाही. रोजा हाताचाही असतो, हे मग जेवताना निघाले.

तो सामना बॉस्टनने एका गुणाने जिंकला, आणि मालिका 4-0 अशी.