आधी जनावरं मोजा, मग टाकी बांधा

गावाकडे घर बांधून निसर्गाला धरून राहायचं ठरवलेल्यांची यादी बहुधा सौर पॅनेलपासून सुरू होते. ती गोठ्यापासून सुरू व्हावी, असं मला मनापासून वाटतं. चुलीचा धूर, सिलिंडरचा खर्च, खताची गोणी आणि संडासाचा मैला या सगळ्यांना एकदम हात घालणारं साधन म्हणजे गोबरगॅस.

गोठ्यात बांधलेल्या गाईचं दिवसाला साधारण १० किलो शेण मिळतं आणि किलोमागे ४० लिटरच्या आसपास वायू. रोज २ घनमीटर गॅस देणाऱ्या टाकीला ५० किलो शेण आणि तेवढंच पाणी लागतं, म्हणजे जनावरं चार-पाच हवीत. तेवढ्यावर पाच माणसांचा दोन वेळचा स्वयंपाक निघतो. दावणीला एकच गाय आणि टाकी मोठी असली, की ती अर्धपोटी राहते आणि वर्षभरात बंद पडते. थंडीत शेण कुजवणारे जिवाणू मंदावतात, तेव्हा गॅस तसाही कमीच येतो.

खादी ग्रामोद्योगच्या जुन्या टाकीचं लोखंडी झाकण गंजायचं. १९८४ मध्ये आलेल्या ‘दीनबंधू’ प्रकारच्या टाकीचा विटांचा घुमट जमिनीखाली असतो. तो स्वस्त पडतो, पण गवंडी जाणता हवा. बारीक चीर राहिली तरी गॅस निघून जातो.

संडास याच टाकीला जोडता येतो. कणकवलीच्या गोपुरीत अप्पासाहेब पटवर्धनांनी मैल्याच्या खताचं काम उभं केलं. त्यांच्याच वाटेनं देहूत डॉ. मापुसकरांनी संडासावर चालणारी गॅस संयंत्रं बांधली. मापुसकरांना २०१७ मध्ये मरणोत्तर पद्मश्री मिळाली. अशा संडासात फिनेल मात्र ओतायचं नाही, जिवाणू मरतात.

रोज सकाळी कुंडीत शेण कालवायचं, काड्या आणि खडे हातानं वेचायचे, शेगडीची ज्योत फडफडली की नळीत साचलेलं पाणी काढायचं. बाहेर पडणारी स्लरी शेतात न्यायची. नत्र तिच्यात टिकून असतं, म्हणून ती उकिरड्यावर वाळू देणं हे नुकसानच. ही कामं बहुतेक घरांत बाईच करते. तेव्हा टाकीचं माप ठरवताना आधी तिला विचारा, आणि निम्मे दिवस तरी शेण घरातल्या पुरुषांनी कालवावं.